दहा महिन्यांचं बाळ, सासू-सासरे आणि सिंगापूर : काय बघावं, काय सोडावं?

मलप्रभा (४ जानेवारी)

नमस्कार मंडळी. आम्ही बेळगावात टिळकवाडीला राहतो. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सहा दिवस सिंगापूरला जायचं घाटतंय. आम्ही दोघं, सासू-सासरे आणि लेक. लेक आता साडेआठ महिन्यांची आहे, तेव्हा दहाची होईल. सासूबाईंचं माहेर जांबोटीकडचं, त्या अजून विमानात बसलेल्या नाहीत. सासरे गेल्या वर्षी निवृत्त झाले. त्या दिवशी घरी येऊन चहा घेता घेता म्हणाले, "हिला एकदा समुद्रापलीकडं न्यायचं." त्यामुळं बाळाचं कारण सांगून हे पुढं ढकलायची माझी तयारी नाही.

एका टूर कंपनीचं वेळापत्रक हातात आहे, पैसे अजून भरलेले नाहीत. सकाळी आठला बस, मग मरलायन, गार्डन्स बाय द बे, जुराँग बर्ड पार्क, युनिव्हर्सल स्टुडिओजला अख्खा दिवस, सेंटोसा, नाइट सफारी आणि रात्री अकराला हॉटेल. वाचूनच पोटात गोळा आला. लेक सकाळी साडेसहाला उठते, दहाला एक झोप, दुपारी दोनला दुसरी आणि रात्री आठला गुडूप. खिमट, नाचणीचं सत्त्व, वरणभात आणि अंगावरचं दूध, एवढंच तिच्या पोटात जातं.

यातलं ठेवायचं काय, सोडायचं काय? स्ट्रोलर न्यावा की कडेवर घेऊन फिरावं? बाळ कंटाळलं तर सगळ्यांनी परत फिरायचं की एकानं थांबायचं? तुम्ही काय केलंत ते सांगा.

निपाणीकर (४ जानेवारी)

ताई, स्पष्ट सांगतो, राग मानू नका. तीन वर्षं थांबा.

आम्ही मोठ्याला वर्षाचा असताना युरोपला नेला, ग्रुप टूरमध्ये. उन्हाळ्यात स्वित्झर्लंड आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं असतं. पोरगा घरी सहाला उठायचा, तो तिथं रात्री अडीचला टक्क जागा! हॉटेलच्या खोलीत अंधारात तासन् तास त्याला मांडीवर घेऊन बसायचं, आणि सातला बस सुटायची तेव्हा तो झोपेला आलेला. युंगफ्राउयोख ३,४५४ मीटरवर आहे. आमच्या डॉक्टरांनी निघतानाच सांगितलं होतं, एवढ्या लहान बाळाला तासा-दोन तासांत इतकं उंच चढवू नका, कान दुखला, दम लागला तरी ते सांगू शकत नाही. म्हणून बायको बाळाला घेऊन खाली राहिली आणि मी आईला घेऊन वर गेलो. वर बर्फात आईनं पहिलं विचारलं, "सूनबाई खाली काय करत असेल?" दोघांचाही तिथं जीव लागला नाही.

बायकोनं अख्ख्या ट्रिपमध्ये हॉटेलच्या खिडक्याच बघितल्या, याचं मला अजून वाईट वाटतं.

येळ्ळूरकर (४ जानेवारी)

ओ निपाणीकर, पोरगी तीन वर्षांनी मोठी होईल खरं, आजीचे गुडघे तीन वर्षांनी कुठं असतील? माझ्या आईला काशीला न्यायचं म्हणत म्हणत पाच वर्षं गेली. आता ती पायरी उतरत न्हाई. ताई, तुम्ही जावा.

निपाणीकर (४ जानेवारी)

येळ्ळूरकर, तुमच्या आईचं वाचून गप्प झालो. बरोबर आहे तुमचं. माझा राग खरं तर त्या ग्रुप टूरच्या घड्याळावर आहे. चाळीस माणसं बसमध्ये वाट बघत असताना बाळाचं शीचं दुपटं बदलायला लागलं की आईच्या कपाळावर घाम येतो. जाणार असाल तर स्वतःचं स्वतः ठरवून जा, एवढी एकच विनंती.

खानापूरची_लेक (५ जानेवारी)

माहेर खानापूर. सात वर्षं सिंगापुरात आहे, दोन्ही मुलं इथलीच. त्यामुळं जरा सविस्तर लिहिते.

आधी एक सांगते. तुमच्या वेळापत्रकात जुराँग बर्ड पार्क आहे ना? ते जानेवारी २०२३ मध्येच बंद झालं. पक्षी मंडाईला हलवले आणि तिथं त्याच वर्षी मे महिन्यात बर्ड पॅराडाइज सुरू झालं. बंद झालेली जागा अजून कागदावर ठेवणाऱ्यांना पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचारा.

स्ट्रोलर आणाच, पण हलका, एका हातानं मिटणारा. इथं प्रत्येक एमआरटी (मेट्रो) स्टेशनला लिफ्ट आहे. बसमध्येही २०१७ पासून स्ट्रोलर उघडा नेता येतो. फुटपाथ सपाट, रस्ता ओलांडताना उतार केलेले. आपल्याकडं खडेबाजारात स्ट्रोलर चालवायचं मनातही येणार नाही, इथं घरातनं निघून बागेपर्यंत बाळाला उचलावं लागत नाही. सासूबाईंनाही लिफ्टचा फायदा. फक्त ट्रेनमध्ये आणि स्टेशनात खाणंपिणं मना आहे, ५०० डॉलरपर्यंत दंड आहे. खिमटाचा डबा बाहेर आल्यावरच उघडायचा.

गाडीचं नीट वाचा. इथं १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला गाडीत त्याच्या मापाची सीट लागते. टॅक्सीला यातून सूट आहे, ॲपवरून बोलावलेल्या खासगी गाडीला नाही. तेव्हा ॲपवर टॅक्सीच निवडा, नाहीतर ड्रायव्हर बाळ बघून पुढं निघून जातो.

आता काय बघायचं. गार्डन्स बाय द बेमध्ये क्लाउड फॉरेस्ट सोडू नका. काचेच्या घुमटात थंड हवा, धुकं, आणि दारातून आत पाऊल टाकताच समोर ३५ मीटरवरून पडणारा धबधबा. बाहेर अंगाला चिकटणारा दमट उकाडा आणि आत आपल्या जांबोटीची पावसाळ्यातली हवा. सासूबाईंना माहेर आठवेल बघा. शेजारचा फ्लॉवर डोमही थंडच असतो. दोन्हींत स्ट्रोलर जातो.

बोटॅनिक गार्डन फुकट आहे. १८५९ सालची बाग, २०१५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली. फक्त ऑर्किडच्या बागेला तिकीट. तिथंच जेकब बल्लास म्हणून मुलांची बाग आहे, तिच्यात मोठ्यांना मूल बरोबर असल्याशिवाय सोडतच नाहीत. म्हणजे तिथं तुम्ही सगळे लेकीच्या तिकिटावर! सोमवारी बंद असते.

युनिव्हर्सल स्टुडिओज खुशाल सोडा. दहा महिन्यांच्या बाळाला आणि साठीच्या आजीला तिथं बसण्यासारखं फारसं काही नाही, पैसे मात्र माणशी मोजायचे. प्राणिसंग्रहालय करा. पिंजरे कमी, मध्ये खंदक आणि झाडी, आत फिरायला ट्राम आणि स्ट्रोलरही भाड्यानं मिळतो. नाइट सफारी आणि रात्रीचा दिव्यांचा खेळ सोडून द्या, बाळ आठला झोपतं म्हणताय.

आणि चिनी नववर्ष जानेवारीच्या अखेरीला किंवा फेब्रुवारीत येतं. तुमच्या तारखांत पडतंय का बघून घ्या. त्या दोन दिवसांत पुष्कळ दुकानं, खानावळी बंद असतात.

मलप्रभा (५ जानेवारी)

खानापूरची_लेक, किती आभार मानू? वेळापत्रक नवऱ्याला दाखवलं. त्यांनी आत्ताच फोन करून बर्ड पार्कचं विचारलं, तर पलीकडून "बघून सांगतो" एवढंच उत्तर. म्हणजे आमचं आम्हीच जायचं, हे आज जेवताना ठरलं.

आजी_शहापूर (५ जानेवारी)

मी सहासष्ट वर्षांची आहे, दोन नातवंडांबरोबर परदेशवारी केलेली आहे. खाण्याची काळजी अजिबात करू नका. खिमटाची भरड घरून करून न्या. आपला तांदूळ आणि मूगडाळ धुऊन, सावलीत वाळवून, मंद आचेवर भाजायची. थोडं जिरं घालायचं. मिक्सरवर रवाळ काढायची, पीठ नको. सहा दिवसांना मोजून लहान लहान पुड्या बांधायच्या, एक पुडी म्हणजे एक वेळ. हॉटेलच्या खोलीत पाण्याची किटली असतेच, पण तिच्यात भरड टाकू नका, तळ जळतो. छोटा थर्मास न्या. त्यात भरड घालून वरून उकळतं पाणी ओतायचं, घट्ट झाकण लावायचं. अर्ध्या तासात मऊ शिजतं. वर घरचं तूप. सूनबाईच्या नव्हे, मुलाच्या पिशवीत एक स्टीलची वाटी आणि चमचा कायम असू द्या. बाळ ओळखीच्या वाटीतून खातं.

बाळंतिणीलाही खायला हवं. दूध पाजणाऱ्या बाईनं दिवसभर नुसत्या ब्रेडवर राहू नये. डिंकाचे लाडू करून द्या बरोबर.

उचगाव_दुबई (५ जानेवारी)

आजी, नमस्कार. लाडू द्या, पण खसखस घालू नका! अगदी हात जोडून सांगतो. दुबईत खसखस अमली पदार्थांत धरतात, सिंगापुरातही तिला मनाई आहे. आपल्या घरी डिंकाच्या लाडवात, अनारशावर सहज असते, कुणाच्या लक्षातही येत नाही. मसाल्यातही बघा. घरच्या काळ्या मसाल्यात खसखस भाजून घातलेली असते.

आजी_शहापूर (५ जानेवारी)

अगं बाई! दोनदा अमेरिकेला लाडू नेले, हे कधी कुणी सांगितलं नव्हतं. मलप्रभा, खसखशीऐवजी खारीक आणि सुकं खोबरं वाढव. जायफळ चवीपुरतं. चव कुठंही उणी होत नाही.

संकेश्वरी (६ जानेवारी)

आमच्याकडं डिंकाच्या लाडवात मेथ्याही घालतात. दुधात भिजवून वाटायच्या, म्हणजे कडू लागत नाहीत.

येळ्ळूरकर (६ जानेवारी)

लाडवाचा येगळा धागा काढा की! भूक लागली वाचून.

वडगाव_पेठ (६ जानेवारी)

लाडवावरून कागदांवर येऊया. बाळाचा पासपोर्ट झालाय का? आईच्या पासपोर्टवर मूल आता जात नाही, स्वतंत्र लागतो. आमच्या पहिल्या वेळी हुबळीला खेटे घातले होते, दुसऱ्या वेळी बेळगावच्या पोस्टातल्या केंद्रात काम झालं. चार वर्षांखालच्या मुलाचा पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो आपण न्यायचा असतो. आम्ही पांढरी चादर अंथरून, बाळाला तिच्यावर झोपवून, स्टुलावर उभं राहून वरून काढला. डोळे उघडे आणि तोंड मिटलेलं असा एक फोटो यायला अख्खी दुपार गेली. आई-बापांचे पासपोर्ट चालू असतील तर बहुधा पोलीस चौकशी लागत नाही. मुलाचा पासपोर्ट पाचच वर्षांचा मिळतो.

एक शंका सगळ्यांना येते. आमच्या पासपोर्टवर जन्मगाव "बेळगाम", बाळाच्या दाखल्यावर "बेळगावी". शहराचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं, त्यामुळं एकाच घरात दोन स्पेलिंगं. काळजी नको, प्रत्येकाचं स्वतःच्या दाखल्याशी जुळलं की झालं.

खानापूरची_लेक (६ जानेवारी)

पुस्ती जोडते. व्हिसाही बाळाचा वेगळा. आणि पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरायचं असतं, तेही बाळाच्या नावानं वेगळं. ते फुकट असतं, पैसे मागणाऱ्या वेबसाइटवर जाऊ नका.

बालरोग_चिकोडी (७ जानेवारी)

चिकोडीत लहान मुलांचा दवाखाना आहे. रोज हे प्रश्न येतात म्हणून लिहितो. तरी जाण्यापूर्वी तुमच्या डॉक्टरांना बाळ दाखवाच.

नऊ महिन्यांची गोवराची लस जानेवारीच्या मध्यात येईल, ती लांबवू नका. लसीनंतर आठवडा-दहा दिवसांनी काही बाळांना बारीक ताप, पुरळ येते. वेळेवर घेतली तर ते निघण्याआधीच उरकून जातं. तापाचं औषध वजनावर ठरतं, महिन्यावर नाही. निघायच्या आठवड्यात वजन करून डोस चिठ्ठीवर लिहून घ्या, बाटली आणि चिठ्ठी हातातल्या पिशवीत. ओआरएसची पाकिटं, तापमापक.

विमान चढताना आणि त्याहून जास्त उतरताना कानात दडा बसतो. तेव्हा बाळ काहीतरी गिळत असलं पाहिजे. अंगावर पाजा. उतरणं सुरू व्हायच्या आधीच पाजून पोट भरवू नका, खरं उतरणं सुरू झालं की द्यायला भूक शिल्लक ठेवा.

स्ट्रोलरवर ऊन लागू नये म्हणून दुपटं टाकून सगळीकडून झाकतात, ते करू नका. आत हवा कोंडते आणि वाटतं त्याच्या कितीतरी पट तापते. छत आणि सावली पुरे. सिंगापुरात डेंग्यूचे डास आहेत, तेव्हा बागेत पातळ लांब बाह्यांचे कपडे आणि स्ट्रोलरला जाळी.

संकेश्वरी (७ जानेवारी)

सगळं वाचलं. खानापूरची_लेक यांचं एक सोडून सगळं पटलं. रात्रीचे दिवे का सोडायचे?

सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढं आहे. सहाच दिवसांसाठी जाताय. बाळाचं घड्याळ बेळगावचंच ठेवा! हिशेब करून बघा. लेक घरी साडेसहाला उठते, म्हणजे तिथं नऊला. दहाची झोप तिथं साडेबाराला, ऐन उन्हाच्या वेळी. दोनची झोप साडेचारला. आणि रात्रीची आठची झोप साडेदहाला. गार्डन्स बाय द बेचा दिव्यांचा खेळ पावणेआठला आणि पावणेनऊला असतो. पावणेआठ म्हणजे आपले सव्वापाच, तिची खेळायची वेळ. बाळाला तिथल्या वेळेवर आणायच्या नादात आई-बाप पहिले तीन दिवस घालवतात, आणि लागली सवय की परतायची वेळ होते.

आम्ही धाकटा अकरा महिन्यांचा असताना क्वालालंपूरला गेलो, तिथं सिंगापूरचीच वेळ. एकदाही रडारड झाली नाही. निपाणीकर म्हणतात ते पश्चिमेकडं जाताना. तिकडं बाळ मध्यरात्री उठतं. बाळाबरोबर पहिली ट्रिप पूर्वेकडं करावी, असं माझं पक्कं मत झालंय.

एकानं थांबायचं की काय, याबद्दल बटू केव्ह्जचं सांगते. पायथ्याशी मुरुगनची ४२.७ मीटरची सोनेरी मूर्ती आणि वर गुहेपर्यंत २७२ पायऱ्या. नवरा आणि मी पाळीनं वर गेलो. मी वर असताना खाली माकडानं बाळाच्या हातातलं बिस्कीट नेलं. बाळ रडलं नाही, रिकाम्या मुठीकडं नुसतं बघत राहिलं. नवऱ्याला मात्र घाम फुटला होता. म्हणून पाळी लावा, पण बाळापाशी दोन मोठी माणसं राहतील अशी लावा. तुम्ही चौघं आहात, सहज जमेल.

खानापूरची_लेक (७ जानेवारी)

संकेश्वरी, माझं म्हणणं मागं घेते. सात वर्षं इथल्या घड्याळावर राहून हे डोक्यातच आलं नाही. मग नाइट सफारीही होईल की. ती सव्वासातला उघडते, म्हणजे लेकीचे पावणेपाच. ट्रामची फेरी साधारण चाळीस मिनिटांची.

मात्र एक बघा. बाळ नऊला उठणार, म्हणजे सकाळचा गार वेळ तिच्या वाट्याला येणार नाही. सासऱ्यांना पहाटे उठायची सवय असेल तर त्यांनी आणि सासूबाईंनी दोघांनीच बोटॅनिक गार्डनला जावं. पहाटे पाचपासून उघडी असते. तुम्ही मागून या.

निपाणीकर (८ जानेवारी)

घड्याळाचं हे आधी कळलं असतं तर! असो. विमानातलं माझ्याकडून घ्या. सगळ्यात पुढच्या भिंतीजवळच्या सीटसमोर बाळाचा पाळणा अडकवता येतो, तो तिकीट काढतानाच मागायचा आणि वजनाची मर्यादा विचारायची. आम्ही फोनवर मागितला होता, तरी काउंटरवर ती सीट दुसऱ्याला दिलेली निघाली. लेखी उत्तर मागवून घ्या. दोन वर्षांखालच्या बाळाला मांडीवरचं तिकीट लागतं, ते मोठ्यांच्या भाड्याच्या साधारण दहा टक्के पडतं. स्ट्रोलर विमानाच्या दारापर्यंत नेता येतो.

बेंगळुरूपर्यंत कसं जाणार? साम्ब्र्याहून विमान की राणी चन्नम्मा एक्सप्रेस?

मलप्रभा (८ जानेवारी)

साम्ब्र्याहून विमानच बघतोय. रेल्वेनं गेलं तर पुढं बेंगळुरू स्टेशन ते विमानतळ टॅक्सीतच जीव जाईल. बेंगळुरूहून सिंगापूर थेट साडेचार तास आहे. आणि हो, पाळण्याचं ईमेलवर लिहून घेतलं, कालच उत्तर आलं.

खानापूरची_लेक (८ जानेवारी)

रात्रीच्या विमानानं येणार असाल तर पहाटे पोचाल आणि हॉटेलची खोली दुपारी तीनला मिळेल. बाळ आणि आजी घेऊन लॉबीत सात-आठ तास काढू नका. आदल्या रात्रीपासूनची खोली घ्या. एक दिवसाचे पैसे जास्त जातात, पण सगळी ट्रिप त्या सकाळवर उभी असते.

मलप्रभा (२४ फेब्रुवारी)

मंडळी, जाऊन आलो. परवा रात्री पोचलो. पिशव्या अजून उपसायच्या आहेत, पण आधी इथं लिहायला बसले.

घड्याळाचं तंतोतंत खरं ठरलं. संकेश्वरी, तुम्हाला कुंद्याचा डबा लागू! लेक सहाही दिवस नऊच्या आसपास उठली. साडेबाराला स्ट्रोलरमध्ये, कुठल्यातरी थंड इमारतीत, आपोआप झोपायची. त्या तासात आम्ही चौघं निवांत जेवायचो. मी आईपण आल्यापासून गरम जेवण इतकं सलग जेवलेच नव्हते.

पहिल्या दिवशी फक्त झोप काढली आणि संध्याकाळी लिटल इंडियात फिरलो. सेरंगून रोडवर वीरमाकालीअम्मनचं देऊळ, तिथं सासूबाईंनी ओटी भरली. गजरेवाल्या बाईशी त्या आधी मराठीत, मग कानडीत बोलल्या. ती तमिळ. दोघी एकमेकींचं सगळं समजल्यासारख्या माना हलवत होत्या. कोमला विलासमध्ये डोसा खाल्ला, १९४७ सालचं शाकाहारी हॉटेल आहे. तिथं इडलीचा मऊ भाग लेकीनं पहिल्यांदा बाहेरचं म्हणून खाल्ला. ट्रेनमध्ये पाट्या चार भाषांत. सासरे म्हणाले, "आपल्याला एका पाटीवर तीन भाषा वाचायची सवय आहेच, इथं एक जास्त."

क्लाउड फॉरेस्टचं काय सांगू? दार उघडलं आणि थंड तुषार तोंडावर आले. लेक सासूबाईंच्या कडेवर होती. तिनं हात पुढं केला, मूठ उघडली, मिटली, परत उघडून तळवा बघितला. पाणी हातात येतंय आणि राहत नाहीये, हे तिला कळेना. सासूबाई म्हणाल्या, "ही आमच्याकडची श्रावणातली हवा आहे." मग बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. पदर ओला होईपर्यंत उभ्या होत्या. आम्ही पुढं चला म्हटलं नाही. तिथं दोन तास घालवले, मग बाकीचं त्या दिवशी सोडूनच दिलं. रात्री पावणेआठला उंच लोखंडी झाडांखाली जमिनीवर चादर अंथरून आडवे पडून दिवे बघितले. लेक तोंड उघडं टाकून बघत होती, अर्ध्यातच दूध मागितलं, ओढणीखाली पीत पीत एका डोळ्यानं दिवे बघणं चालूच.

मंडाईचं प्राणिसंग्रहालय सगळ्यांना आवडलं. सासूबाई शेवटपर्यंत त्याला मंडईच म्हणत होत्या, "परत एकदा मंडईत जाऊया का?" ओरांगउटानाची आई पिल्लाला पोटाशी धरून दोरावरून चालली होती. तिथं आम्ही सगळ्यात जास्त थांबलो. पक्ष्यांचं उद्यान मात्र सोडलं, एका दिवसात दोन झेपलं नसतं. नाइट सफारीला तिकिटं काढली होती, पण त्या दिवशी साडेचारची झोप पावसात हुकली. ट्रामपर्यंत पोचेतो लेकीनं डोळे चोळायला सुरुवात केली. नवरा आणि मी तिला घेऊन टॅक्सीनं परतलो, सासू-सासरे दोघंच ट्राममध्ये बसले. लग्नाला अडतीस वर्षं झाली, दोघंच असे रात्री कुठं गेले नव्हते. परत आल्यावर सासरे बाळ जागं होईल म्हणून कुजबुजत सगळे प्राणी सांगत होते. निपाणीकर, तुमची आई बर्फात उभी राहून जे म्हणाली ते माझ्या लक्षात होतं. म्हणून निघतानाच सासूबाईंना सांगितलं होतं, की आम्ही परत गेलो तर आमची काळजी करत फिरायचं नाही.

सेंटोसाचा दिवस फसला. ऊन, रांग, वाळूत स्ट्रोलरची चाकं रुतली, लेकीच्या मानेवर घामोळं आलं. तासाभरात परत फिरलो. बाळ वर्षाच्या आतलं असेल तर सेंटोसाऐवजी तो दिवस बोटॅनिक गार्डनला द्या. आम्ही सहाव्या दिवशी गेलो तेव्हा वाटलं, दुसऱ्याच दिवशी यायला हवं होतं. गवतावर लेक पहिल्यांदा कशालाही न धरता बसून पुढं सरकली.

स्ट्रोलर की कडेवर? दोन्ही. स्ट्रोलर पाय आणि पाठ वाचवतो, पण गर्दीत आणि देवळात कडेवरच. सासूबाईंनी जुन्या लुगड्याची झोळी आणली होती, मी नको म्हणत होते. परतीला विमानतळावर, ज्युएलमधल्या ४० मीटरच्या धबधब्यासमोर लेक काही केल्या झोपेना. सासूबाईंनी तीच झोळी बांधली, दोन फेऱ्या मारल्या. पाच मिनिटांत बाळ झोपलं.

आजी, थर्मासमधलं खिमट रोज जमलं. पुड्या मोजून बारा नेल्या होत्या, एक उरली.

येळ्ळूरकर (२४ फेब्रुवारी)

लई बरं वाटलं ताई. सासूबाईंना नमस्कार सांगा.

आजी_शहापूर (२४ फेब्रुवारी)

उरलेली पुडी ठेवू नकोस, आजच शिजव. दमट हवेतून आलेली भरड टिकत नाही.

निपाणीकर (२५ फेब्रुवारी)

हे सगळं बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. मोठा आता पाच वर्षांचा आहे, धाकटी सात महिन्यांची. आई अजून चालते-फिरते. खानापूरची_लेक, एप्रिलमध्ये तुमच्याकडं हवा कशी असते?

खानापूरची_लेक (२५ फेब्रुवारी)

उकाडा, आणि दुपारी विजा कडाडून पाऊस. पण साडेबारा ते दोन धाकटी झोपलेलीच असेल ना, तेव्हा छपराखाली राहायचं. सकाळ-संध्याकाळ फिरा. वहिनींसाठी पहिल्या दिवशीचं जेवण आमच्याकडं. बेळगावचा बासमती तेवढा किलोभर आणता आला तर बघा, आणता येतो का ते आधी विचारून सांगते.